दाजींची दहा मिनिटं

आमच्या दाजींबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, आणि त्यांच्याबद्दल वाकडं बोलायचा पहिला हक्क माझा आहे, हे आधीच सांगून ठेवते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांचं बूटदुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. गेली आठ वर्षं मी तिथे काउंटरवर बसते. पावत्या फाडते, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालते आणि वेळेवर बूट न नेणाऱ्यांचा फोन करकरून पिच्छा पुरवते. मी त्यांना दाजी म्हणते म्हणून सगळा रस्ता त्यांना दाजी म्हणतो. समोरचा फळवाला, वरच्या मजल्यावरचे रिटायर झालेले जज्जसाहेब, झाडून सगळे. नात्याने बघायला गेलं तर अख्ख्या रस्त्याची बहीण दाजींच्या घरी नांदतेय.

दाजी मला मिरची म्हणतात. कारण विचारू नका.

दुकान लांबट आणि अरुंद आहे. पुढे माझा काउंटर, त्याच्यामागे शिलाईचं मशीन, मग दाजींचं बुटकं स्टूल, समोर बूट उलटा घालून ठोकायचा लोखंडी पाय, हाताशी रापी, आरी, हातोडी आणि पायाशी सोल्यूशनचा डबा. सोल्यूशन म्हणजे बुटाचा तळ चिकटवायचा पिवळट गोंद. वास इतका उग्र की नवीन गिऱ्हाईक दारातच नाक धरतं. ते भसकन पेट घेतं, म्हणून दुकानात काडी ओढायची नाही हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. सिगारेट ओढायची तर मागचं दार उघडून पायरीवर. तिथे एक खोकं उलटं घालून ठेवलंय, त्यावर बसून दाजी दिवसाला चौदा सिगारेटी ओढायचे. चौदा मी स्वतः मोजलेल्या आहेत. तेवढंच नाही, दोनदा मोजलेल्या आहेत.

तीन वर्षांपूर्वी दाजी आजारी पडले. ताप नाही, खोकला नाही, कुठे काही दुखत नाही, आणि माणूस मात्र उठेना. आधी कामात चुका व्हायला लागल्या. काळ्या बुटाला तपकिरी दोरा, डावीची टाच उजवीला. मग दुकानात येणं बंद. मग जेवायच्या टेबलापर्यंत येणंही बंद. चार महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. ताई शाळेत गणित शिकवते. ती घरी आली की चप्पलसुद्धा न काढता आधी आत जाऊन त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघायची. डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं, डिप्रेशन, आणि जोडीला चिंतेचा आजार. गोळ्या सुरू झाल्या, दर पंधरवड्याला त्यांच्याकडे जाऊन बोलणं सुरू झालं, आणि हळूहळू, अगदी गोगलगायीच्या चालीने, दाजी स्टुलावर परत आले.

आले, पण एक भीती सोबत घेऊन आले. आपण दुरुस्त केलेला बूट घालून कुणीतरी जिना उतरतंय, तळ सुटतो आणि माणूस गडगडत खाली जातो. कोण माणूस, कुठला जिना, काही ठरलेलं नाही. पण दाजींना ते डोळ्यांसमोर दिसायचं. छातीत धडधड, तळहात ओले. मग उठायचं, मागच्या पायरीवर जायचं आणि सिगारेट पेटवायची. धडधड थांबली की परत काम.

“मिरचे, गोळ्यांनी मला उभं केलं,” ते म्हणायचे, “पण चालवते ती ही.” आणि सिगारेट वर धरून दाखवायचे. मला राग यायचा, पण बोलायची सोय नव्हती. उभा राहिलेला माणूस परत आडवा झाला तर? त्या भीतीने मी आणि ताई दोघी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो, आणि माझ्या तोंडाला कुलूप म्हणजे काय ते ज्यांनी मला ऐकलंय त्यांनाच कळेल.

सिगारेट सोडायचं डोक्यात घातलं ते डॉक्टरीणबाईंनी. त्या म्हणाल्या, “तुम्हाला वाटतं सिगारेट धडधड थांबवते. पण त्यातली बरीचशी धडधड तिचीच असते. एक ओढून तास-दोन तास झाले की शरीर दुसरी मागायला लागतं, आणि ते मागणं तुम्हाला घाबरल्यासारखं वाटतं. सोडलीत तर सुरुवातीचे काही आठवडे त्रास होईल. पुढे हलकं वाटेल.”

दाजी घरी आले ते फणफणतच. “म्हणजे मीच चौदा वेळा आग लावतो आणि मीच चौदा वेळा बंब घेऊन धावतो? बावीस वर्षं या बयेने मला मूर्ख बनवलं!” बया म्हणजे सिगारेट, डॉक्टरीणबाई नव्हेत. ताई हसली. दाजींना चिडलेलं बघून आम्हाला बरंच वाटलं, कारण आजारात त्यांना साधा रागसुद्धा येत नव्हता.

मग रीतसर बेत ठरला. सोडायची तारीख, दंडाला लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या, आणि डिप्रेशनच्या गोळ्यांना अजिबात हात लावायचा नाही, त्या चालूच. दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंना तोंड दाखवायचं. दाजींनी त्यात स्वतःची एक अट घातली, की हे फक्त ताईला आणि मला माहीत असेल. “पडलो तर तुमच्या दोघींसमोर पडेन,” ते म्हणाले. “सगळ्या रस्त्यासमोर नको.” माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्यांना पक्कं माहीत, म्हणून माझ्याकडून त्यांनी तीनदा वदवून घेतलं.

पहिले आठ दिवस काय सांगू! दाजी गाजरं खायला लागले. हाताला आणि तोंडाला काहीतरी हवं म्हणून ताई रोज डबाभर गाजराच्या कांड्या करून द्यायची आणि दाजी त्या कडाकडा फोडायचे. दिवसभर कानात तोच आवाज. मी एकदा म्हटलं, “दाजी, कान लांब व्हायला लागलेत तुमचे,” तर माझ्याशी अर्धा दिवस अबोला. शिलाईच्या मशीनशी भांडण, कात्री जागेवर नाही म्हणून भांडण, कात्री जागेवर सापडली म्हणूनही भांडण. मागच्या दाराकडे तर बघायचेच नाहीत. दार बंद, कडी लावलेली. “तिकडे गेलो तर हात आपोआप खिशात जाईल,” म्हणायचे. सकाळी बसले की संध्याकाळपर्यंत स्टुलावर, पाय थरथरतायत, हात भराभर चालतायत. काम मात्र झपाट्याने उरकायचं. मी खूश. गिऱ्हाईक दोन दिवसांनी यायचं ते त्याच दिवशी बूट घेऊन जायचं. आम्हाला वाटलं, चला, सिगारेट सुटली आणि धंद्याला वेग आला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी दुकान उघडून दहा मिनिटं झाली नसतील, रस्त्यावरून आवाज आला, फटक्... फटक्... फटक्. बघते तर ताईच्या शाळेतले पीटीचे सर. उजव्या बुटाचा तळ पुढून पार उघडलेला, पाऊल टाकलं की जबडा वासायचा.

“दाजी,” सर दारातूनच ओरडले, “मुलांना लांब उडी कशी मारायची ते दाखवत होतो. मी पुढे गेलो आणि तळ मागे राहिला. मुलांनी काय टाळ्या वाजवल्या! वीस वर्षांत एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.” आणि हसत सुटले.

दाजी हसले नाहीत. बूट हातात घेतला, तळ वर करून पाहिला आणि हळूच खाली ठेवला.

तासाभरात जज्जसाहेब आले, एका पायात बूट आणि दुसरा हातात. मग बेकरीवाल्या काकू. मग आणखी दोघं. बारा वाजेपर्यंत लोखंडी पायापाशी पाच जोड रांगेत, सगळ्यांची तोंडं उघडी. कुणी रागावलेलं नव्हतं. जज्जसाहेब तर म्हणाले, “सावकाश करा, मला कुठे जायचंय?” पण दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. थरथरणारे पायसुद्धा थांबले होते.

“मिरचे,” ते म्हणाले, “ते परत आलं.”

“काय परत आलं?”

“तेच. मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं. आधी हातातलं काम बिघडलं. मग बाकीचं.” मग म्हणाले, “सिगारेट होती तोवर निदान काम तरी नीट होत होतं. मला घरी जाऊ दे.”

ताईला फोन करावा तर ती वर्गात. डॉक्टरीणबाईंना लावला, त्या दुसऱ्या पेशंटपाशी, अर्ध्या तासाने बोलतील म्हणाले. मी घाबरले की मला राग येतो, आणि राग आला की कुणावर तरी काढायला लागतो. समोर सोल्यूशनचा डबा दिसला. म्हटलं, याच्यातच खोट आहे! मी सरळ सोल्यूशनच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि त्याला असा काही फैलावर घेतला की काय विचारता. भेसळ करता, लोकांच्या जिवावर उठता, लाज नाही वाटत, सगळं सगळं. तो बिचारा शांत माणूस. माझा दम संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, “बाई, तोच माल मी चाळीस दुकानांना देतो, कुणाची तक्रार नाही. लावल्यावर किती वेळ सुकवता?”

मी डबा उचलून मागचं वाचलं. दोन्ही बाजूंना लावून दहा ते बारा मिनिटं सुकू द्यावं, मगच दाबावं.

“दाजी, किती वेळ सुकवता हो?”

“अगं, बावीस वर्षं करतोय मी हे काम,” दाजी कंटाळून म्हणाले. “सुकतं तेवढं सुकवतो.”

“पण घड्याळ बघता का?”

“घड्याळ कशाला बघू? लावतो, बूट बाजूला ठेवतो, मागे पायरीवर जातो, ओढून येतो, तोवर बरोबर...”

ते मागच्या बंद दाराकडे बघायला लागले. मीही तिकडेच बघितलं. फोनवर व्यापारी “हॅलो, हॅलो” करत होता.

अहो, बावीस वर्षं हा माणूस सिगारेटीने गोंद सुकवत होता! सोल्यूशन लावायचं, मागे जाऊन एक ओढायची, परत यायचं, तोवर दहा मिनिटं झालेली आणि गोंद अगदी हवा तसा चिकट झालेला. नवशिके बोट लावून बघतात, दाजींना ती गरजच कधी पडली नाही. आणि सिगारेट सोडल्यापासून ते स्टुलावरून उठतच नव्हते. लावलं की गाजर तोडायचं, हात शिवशिवायचे, दोन-तीन मिनिटांत दाबून हातोडी मारून मोकळे. आत गोंद ओलाच. दुकानातून जाताना बूट शहाण्यासारखा, आणि दहा-पंधरा दिवस चालला की तळ म्हणतो राम राम.

मला हसू आवरेना. काउंटर धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं. दाजी माझ्याकडे बघत होते. ते हसत नव्हते, पण चेहऱ्यावर रंग यायला लागला होता.

“म्हणजे माझं डोकं...” ते म्हणाले.

“तुमचं डोकं शाबूत आहे हो! होतं तेवढं. डिप्रेशन नाही, काही नाही, तुमचं घड्याळ बंद पडलंय!”

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दाजींनी त्यांना सगळं सांगितलं, फार हळू आवाजात, शाळेत चूक कबूल करावी तसं. त्यांनी विचारलं, झोप कशी आहे, जेवता का, मरायचे विचार येतात का. दाजींनी नीट उत्तरं दिली. झोप बरी, जेवण जास्तच, विचार नाहीत. मग बाईही हसल्या असाव्यात, कारण दाजींच्या ओठाचा कोपरा हलला. “उद्या येऊन जा,” त्या म्हणाल्या, “आणि ती दहा मिनिटं परत घ्या. तुमच्या गोंदालाही हवीत आणि तुम्हालाही.”

एक गोष्ट उरली होती. मी पावत्यांचं पुस्तक काढलं. त्या एकोणीस दिवसांत चिकटवलेले एकतीस जोड गेले होते. पाच परत आले, सव्वीस अजून लोकांच्या पायांत. म्हटलं, “मी करते फोन. सांगते, मशीन बिघडलं होतं.”

“मशीन नाही बिघडलं,” दाजी म्हणाले. “दे इकडे. मीच करतो.”

आता हे काय आहे ते समजून घ्या. तीन वर्षांत दाजींनी एकाही गिऱ्हाइकाला फोन केला नव्हता. दुकानातला फोन वाजला तरी ते दचकायचे. त्यांनी एका कागदावर आधी वाक्य लिहून काढलं आणि ते बघून पहिला नंबर फिरवला. “मी दाजी बोलतोय. बूटवाला. तुमच्या बुटाचं काम मी नीट केलं नाही. चूक माझी आहे. बूट घालू नका, घेऊन या, पुन्हा करून देतो.” आणि डोळे मिटून घेतले, पलीकडून शिव्याच येणार असल्यासारखे.

पलीकडे एक आजोबा होते. ते म्हणाले, “बरं झालं बाबा फोन केलास. मला वाटलं मीच पाय घासत चालतो.”

दुसऱ्या बाई म्हणाल्या, उद्या येते. तिसऱ्याने विचारलं, येतोच आहे तर पट्टा पण शिवून द्याल का? चौथ्याचा तळ बसमध्ये सुटला होता आणि त्याने तो हेडफोनच्या वायरीने बांधून ऑफिस गाठलं होतं. हे सांगताना तो इतका हसत होता की मला काउंटरपर्यंत ऐकू येत होतं. सातव्या फोनला दाजींनी कागद बाजूला ठेवला. बाराव्याला ते उभं राहून बोलायला लागले. ज्या गोष्टीची त्यांनी तीन वर्षं धास्ती घेतली, ती खरंच घडली होती, एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि कुणी गडगडत गेलं नव्हतं, कुणी त्यांच्या नावाने बोटं मोडली नव्हती. मधेच मला म्हणाले, “मिरचे, लोक बरे असतात गं.” मी म्हटलं, “असतात काही काही. तुम्हाला चुकून बरे मिळालेत.”

पंचविसावा फोन झाला आणि दाजींचा हात थांबला. सव्विसावी पावती पोस्टवाल्या बाईंची होती.

पोस्टवाल्या बाई म्हणजे आमच्या भागात टपाल वाटतात त्या. दिवसभर पायी, खांद्याला पिशवी. कामावर असताना फोन बंद. आणि यावेळी त्या कुठे असणार ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं, टेकडीवरच्या पायऱ्यांवर. तिकडच्या घरांना रस्ताच नाही, नुसत्या दगडी पायऱ्या, वळत वळत वर गेलेल्या. दाजींच्या डोळ्यांसमोरचा जिना एवढी वर्षं बिनचेहऱ्याचा होता. आता त्यावर चेहरा आला.

दाजींनी शेल्फातून बाईंच्या मापाचा एक जोड उचलला, कुणीतरी सोडून गेलेला, आणि थेट रस्त्यावर. मी शटर अर्धवट ओढलं आणि मागे. फळवाल्याने विचारलं, “आग लागली का?” मी म्हटलं, “नाही, विझलीय!” त्याला काही कळलं नाही.

पायऱ्यांपाशी पोचलो तेव्हा वर, बऱ्याच वर, खाकी पिशवी दिसली. दाजींनी हाक मारली, पण तेवढ्या लांबून ऐकू काय जाणार? ते चढायला लागले. आधी भराभर, मग एक सोडून एक, मग सरळ पळत. दोन्ही हातांत एकेक बूट. मी विसाव्या पायरीवरच बसले. सिगारेट मी जन्मात ओढलेली नाही, पण काउंटरवर बसून बसून जे व्हायचं ते झालंय. खालून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता थांबतील, आता कठड्याला धरून खोकतील. मागच्या वर्षी याच पायऱ्यांवर तीस चढून त्यांना दम खायला लागला होता. थांबलेच नाहीत! वळणावर दिसेनासे झाले, परत दिसले, परत पळत. मी उठले आणि धापा टाकत निघाले, कारण वर काय होतंय ते मला ऐकायचं होतं.

पोचले तेव्हा पोस्टवाल्या बाई पायरीवर बसलेल्या, एक पाय दाजींच्या हातात, आणि दाजी त्यांच्या बुटाचा तळ दोन्ही हातांनी ओढून बघतायत. तळ ढिम्म हलत नव्हता.

“अहो, काय चाललंय?” बाई विचारत होत्या. “उत्तम आहेत बूट. रोज चार तास चालते.”

दाजींनी बूट उलटा केला. कडेने पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिलाई, हातानं घातलेली, टाका न् टाका सारखा. बाई एवढं चालतात म्हणून त्यांनी चिकटवून वर शिवलंही होतं आणि घाबरण्याच्या नादात साफ विसरले होते. पावतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, डबल शिलाई. ते मी वाचलं नव्हतं. तो भाग मी आत्ता पहिल्यांदा सांगतेय.

दाजी पायरीवर बसले आणि हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. तीन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. फार काही सुरेल आहे असं नाही, फाटक्या भात्यासारखं हसतात, पण मला रडूच आलं. बाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या, एक हसतोय, एक रडतेय. शेवटी त्यांनी पिशवीच्या कप्प्यातून पाकीट काढलं आणि एक सिगारेट दाजींपुढे धरली. “घ्या. आधी दम खा. मग सांगा काय ते.”

टपाल द्यायला आल्या की दोघं मागच्या पायरीवर मिळून ओढायचे, कित्येक वर्षांची सवय. त्यांच्या बाजूने त्यात काही चूक नव्हती. दाजींनी सिगारेटीकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. आत्ता घेतली असती तर मीसुद्धा काही बोलले नसते, एवढा तो दिवस होता.

“नको,” दाजी म्हणाले. “मी सोडली.”

“सोडायचं बघतोय” नाही, “प्रयत्न चालू आहे” नाही. घरात ताईशी बोलतानासुद्धा ते असं बोलले नव्हते. आणि मग त्यांनी बाईंना सगळंच सांगितलं, गोंद, गाजरं, एकतीस जोड, तीन वर्षांपूर्वीचे चार महिनेसुद्धा, ज्यांचं खरं कारण रस्त्यात कुणालाही माहीत नव्हतं. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी सिगारेट परत पाकिटात ठेवली, दाजींच्या खांद्यावर दोनदा थापटलं, “शाब्बास” म्हणाल्या आणि उठून उरलेलं टपाल वाटत खाली उतरायला लागल्या.

आम्ही सावकाश निघालो. थोडं उतरल्यावर दाजी म्हणाले, “आता पडलो तर सगळ्यांसमोर.”

“पडलात तर परत सुरुवात करायची,” मी म्हटलं. “त्यात काय एवढं!”

अर्ध्या वाटेवर एक खिडकी उघडली. “दाजी, सोडलीत म्हणे! छान केलंत!” पुढच्या वळणावर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईने नुसता हात उंच केला. पोस्टवाल्या बाई आमच्या पुढे होत्या आणि टपालाबरोबर घरोघरी बातमीही टाकत चालल्या होत्या. माझ्या वरताण निघाल्या! दाजींचे कान लाल झाले. पण तिसऱ्या घराशी त्यांनीच मान लववून “थँक्यू, थँक्यू” म्हटलं, नवरदेवासारखं.

बाईंचं शेवटचं टपाल पायऱ्यांच्या पायथ्याशी असतं, ताईच्या शाळेत. आम्ही अजून वरच होतो, तोवर माझा फोन वाजला. ताई. मी फोन दाजींच्या हातात दिला आणि कान लावला.

“अहो,” ताई म्हणाली, “पोस्टवाल्या बाई इथे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगतायत ते खरं का?”

“काय सांगतायत?”

“की तुम्ही सिगारेट सोडली असं स्वतः म्हणालात. आणि शंभर पायऱ्या पळत चढलात.”

“एकशे बारा,” दाजी म्हणाले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग कळलं, ताई रडतेय. चार महिने त्यांचा श्वास बघत होती तेव्हा रडली नव्हती, ते दुकानात परत आले त्या दिवशी रडली नव्हती. आता शाळेत, सगळ्या मास्तर-मास्तरणींसमोर, लहान पोरीसारखी रडत होती.

“अगं, ऐक,” दाजी म्हणाले. “रडू नकोस. तिथेच थांब. मी येतो.”

फोन माझ्या हातात कोंबला आणि निघाले, उरलेल्या पायऱ्या धडाधड उतरत. मी ओरडले, “दाजी, सावकाश! दाजी, दुकान उघडं आहे!” त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.